ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक, १९४५

युरोपातील युद्ध संपल्यावर दोन महिन्यांच्या आत झालेली ही निवडणूक. विन्स्टन चर्चिल यांचा हुजूर पक्ष तीत सत्तेवरून गेला आणि क्लेमंट ॲटली यांच्या मजूर पक्षाला प्रथमच स्वबळावर बहुमत मिळाले. आधीची निवडणूक १९३५ ची. युद्धकाळात संसदेची मुदत वाढवत नेल्यामुळे तिशीच्या आतल्या कोणीही सार्वत्रिक निवडणुकीत कधी मत दिलेले नव्हते.

मतदान ५ जुलैला झाले. ज्या गिरणगावांत त्या आठवड्यात कारखान्यांची वार्षिक सुट्टी होती, तेथे ते पुढे ढकलले गेले. परदेशातील सैनिकांची मते पोहोचावीत म्हणून निकाल २६ जुलैपर्यंत थांबवला होता. ६४० पैकी मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या, हुजूर व मित्रपक्षांना २१३, लिबरलांना १२. मजूर पक्षाची मते सुमारे ४८ टक्के, जागा मात्र ६१ टक्के. मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, या पद्धतीचा हा परिणाम.

सैनिकांच्या मतांनी निकाल फिरवला असे अजूनही सांगितले जाते. सैनिकांचा कल मजूर पक्षाकडे होता हे खरे, पण त्यांची मते १७ लाखांच्या आसपास, एकूण मतदान अडीच कोटींच्या घरात. कौल चर्चिल यांच्या युद्धनेतृत्वावर नव्हताच. तो तिसाव्या दशकातील बेकारीवर आणि हिटलरपुढे नमते घेणाऱ्या धोरणावर होता, आणि त्या काळात सत्ता मुख्यतः हुजुरांची होती. रेशनिंग आणि युद्धकालीन नियोजनाने सरकार काय करू शकते हे लोकांनी पाहिले होते. १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने सामाजिक विम्याची रूपरेषा मांडली होती. बाँबहल्ल्यांनंतर घरांची टंचाई हा मतदारांच्या दृष्टीने पहिला प्रश्न होता. अशा वेळी ४ जूनच्या रेडिओ भाषणात चर्चिल म्हणाले की समाजवादी सरकारला गेस्टापोसारखे (नाझी गुप्त पोलिसांसारखे) काहीतरी लागेलच. कालपर्यंत आपल्याच युद्धकालीन संयुक्त मंत्रिमंडळात असलेल्या मजूर नेत्यांबद्दल हे बोलणे अंगाशी आले.

गॅलप संस्थेच्या जनमत चाचण्या १९४३ पासून मजूर पक्षाची आघाडी दाखवत होत्या. त्या कोणी फारशा मनावर घेतल्या नाहीत. वुडफर्ड मतदारसंघात चर्चिल यांच्याविरुद्ध मजूर वा लिबरल उमेदवारच नव्हता, तरी एका अपक्षाला दहा हजारांवर मते पडली. भारतमंत्री लिओ ॲमेरी बर्मिंगहॅममध्ये पडले. त्यांच्या जागी भारतमंत्री झालेले पेथिक-लॉरेन्स मार्च १९४६ मध्ये त्रिमंत्री मंडळ घेऊन भारतात आले.