पवित्र चुंबन

पवित्र चुंबन : ख्रिस्ती बंधुप्रेम आणि परस्परांतील सलोखा व्यक्त करणारी, आद्य ख्रिस्ती समाजापासून चालत आलेली अभिवादनपद्धती. ‘शांतीचे चुंबन’ असेही तिला म्हणतात. नव्या करारातील प्रेषित पौलाच्या चार पत्रांच्या अखेरीस (रोम १६:१६, १ करिंथ १६:२०, २ करिंथ १३:१२, १ थेस्सलनीका ५:२६) एकमेकांना पवित्र चुंबनाने सलाम करण्याची सूचना येते, तर पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:१४) त्यालाच प्रीतीचे चुंबन म्हटले आहे.

या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. ती यहुदी सभास्थानातून आली असावी, असे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले गेले. तथापि सभास्थानातील उपासनेत असे चुंबन रूढ असल्याचा निर्विवाद पुरावा यहुदी साहित्यात मिळत नाही. दुसरे मत असे की, पुनरुत्थित येशूने शिष्यांवर श्वास फुंकल्याच्या कथेशी (योहान २०:२२) तिचा संबंध असून चुंबनातून पवित्र आत्म्याची देवघेव होते, अशी त्यामागील समजूत होती. नंतरच्या काही विधींचा अर्थ त्यामुळे लागतो. पौलाच्या पत्रांत मात्र त्याला स्पष्ट आधार नाही. ग्रीक-रोमन जगात चुंबन हे मुख्यतः आप्तस्वकीयांमधील अभिवादन होते आणि ख्रिस्ती मंडळींनी ते रक्ताचे नाते नसलेल्यांपर्यंत, धनी व दास यांच्यापर्यंतही, नेऊन मंडळीलाच कुटुंब ठरविले, हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पौलाच्या काळी हे चुंबन उपासनेचा ठरावीक भाग होते काय, हा निराळा प्रश्न आहे. पत्रे सभेत मोठ्याने वाचली जात, एवढ्यावरून तसे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

उपासनेतील पहिला निश्चित उल्लेख ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याच्या सुमारे इ. स. १५५ मधील लेखनात आहे : सामुदायिक प्रार्थना संपल्यावर उपासक एकमेकांचे चुंबन घेत व नंतर प्रभुभोजनाची (येशूच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करणाऱ्या विधीची) भाकर आणि प्याला पुढे आणला जाई. त्यानंतरचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन त्याला प्रार्थनेची मोहर म्हणतो आणि उपवासाच्या दिवशी चुंबन टाळून आपला उपवास जगजाहीर करणाऱ्यांना फटकारतो. ख्रिस्ती नसलेला नवरा आपल्या बायकोला एखाद्या बंधूचे चुंबन कसे घेऊ देईल, असाही प्रश्न तो विचारतो. त्यावरून ही रीत उपासनेबाहेरील भेटीगाठींतही पाळली जात असावी. गैरप्रकारांची भीती अर्थातच होती. सुखासाठी दुसऱ्यांदा चुंबन घेण्याविरुद्ध दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक अथेनागोरसने बजावले, तर अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमंट चर्च दणाणून सोडणाऱ्या पण अंतरी प्रेम नसलेल्या चुंबनांवर टीका करतो. हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या विधिसंग्रहात पुरुषांनी पुरुषांना व स्त्रियांनी स्त्रियांना चुंबन द्यावे, बाप्तिस्म्यापूर्वीच्या शिकाऊंनी ते देऊ नये, असे नियम आहेत. हा संग्रह पूर्वी तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा समजला जाई. आता त्यात वेगवेगळ्या काळांतील थर असल्याचे मत बळावले आहे.

पूर्वेकडील चर्चनी हा विधी भाकर व द्राक्षरस अर्पण करण्यापूर्वी ठेवला (अर्पणाआधी भावाशी समेट करावा, या मत्तय ५:२३–२४ मधील वचनाचा आधार त्यास दिला जातो), तर रोममध्ये तो अर्पणानंतर, भाकर व द्राक्षरस ग्रहण करण्याच्या अगदी आधी आला. पोप पहिले इनोसंट यांनी ४१६ च्या पत्रात रोमन क्रमाचे समर्थन केले आहे. तेराव्या शतकापासून पश्चिम युरोपात प्रत्यक्ष चुंबनाऐवजी एक चित्रांकित फलक हातोहात फिरवून त्याचे चुंबन घेण्याची चाल पडली. तो आधी कोणाकडे जावा, यावरून मानापमानाचे तंटेही होत. इंग्लंडमध्ये तेथील चर्चच्या १५५२ च्या प्रार्थनापुस्तकातून हा विधी गळाला.

आधुनिक पुनरुज्जीवनात भारताचा वाटा लक्षणीय आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत चर्चने केरळातील सिरियन ख्रिस्ती प्रथेवरून १९५० च्या उपासनाविधीत हस्तस्पर्शाची शांती स्वीकारली : देणारा आपला उजवा तळहात घेणाऱ्याच्या उजव्या तळहाताला लावतो आणि दोघेही आपापला डावा हात दुसऱ्याच्या उजव्या हातावर मिटतात. वेदीपासून निघालेली ही शांती अशीच रांगारांगांतून शेवटच्या उपासकापर्यंत पोहोचते. कॅथलिक चर्चच्या १९६९ मधील सुधारित मिस्साविधीत (प्रभुभोजनाच्या उपासनेत) शांतीच्या खुणेचे स्वरूप स्थानिक चालीरीतींनुसार ठरविण्याची मुभा बिशपांच्या परिषदांना मिळाली. त्याच वर्षी रोमने मान्य केलेल्या, उपासनेच्या भारतीयीकरणाच्या बारा मुद्द्यांत हात जोडून नमस्कार करणे, अथवा देणाऱ्याचे हात घेणाऱ्याने आपल्या हातांत घेणे, हे पर्याय नमूद आहेत. २०१४ मध्ये व्हॅटिकनने या विधीचे स्थान कायम ठेवले, मात्र त्या वेळी जागा सोडून फिरणे व अभिनंदनाची देवघेव करणे टाळण्यास सांगितले.