बर्निंग, सुझी मॅक्सवेल

बर्निंग, सुझी मॅक्सवेल : (२२ जुलै १९४१ – २ ऑक्टोबर २०२४). अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटू आणि महाविद्यालयाच्या पुरुष गोल्फ संघातून खेळलेल्या आरंभीच्या स्त्रियांपैकी एक. माहेरचे आडनाव मॅक्सवेल. जन्म कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे. पुढे कुटुंब ओक्लाहोमा सिटीत स्थायिक झाले.

सुझीला लहानपणी ओढ होती ती घोड्यांची. लिंकन पार्क या सार्वजनिक गोल्फ मैदानाजवळून ती एक शिंगरू घेऊन चालली असता ते हातातून सुटले आणि थेट हिरवळीवर धावत सुटले. छिद्राभोवतीचे हे गवत इतके बारीक कापलेले असते की एका खुराचा ठसाही चेंडूची वाट बदलू शकतो, त्यामुळे मैदानावरच्या माणसांचा संताप स्वाभाविक होता. मुलीला तेथील प्रशिक्षक यू. सी. फर्ग्युसन यांच्यापुढे उभे करण्यात आले. त्यांनी मात्र तिला रागावण्याऐवजी आपल्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवण्यास सांगितले आणि त्या बदल्यात स्वतः गोल्फ शिकवण्याची तयारी दाखवली. सुझीला लगेच गोडी लागली नाही. ती लागली पॅटी बर्ग या नामवंत खेळाडूचे प्रात्यक्षिक पाहिल्यावर.

ओक्लाहोमा सिटी विद्यापीठाने तिला गोल्फसाठी शिष्यवृत्ती दिली. असा मान मिळवणारी ती त्या विद्यापीठातील पहिलीच स्त्री, आणि ती खेळली पुरुषांच्या संघातून. अमेरिकेत महाविद्यालयीन स्त्रियांची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा १९४१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात सुरू झालेली असली, तरी स्त्रियांसाठी स्वतंत्र संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या ही व्यवस्था फार थोड्या ठिकाणी होती. शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला १९७२ मध्ये. महाविद्यालयीन क्रीडेची प्रमुख संघटना असलेल्या एनसीएएने स्त्रियांची गोल्फ स्पर्धा घेतली ती तर १९८२ मध्ये. त्यामुळे सुझीच्या संघप्रवेशाकडे निव्वळ नवलाची गोष्ट म्हणून पाहणे अपुरे आहे. चांगल्या खेळाडू मुलीला नियमित आंतरमहाविद्यालयीन सामने मिळण्याची दुसरी सोय जवळपास नव्हतीच, हे त्यामागचे खरे कारण मानावे लागते.

१९६४ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी एलपीजीए या महिला गोल्फ संघटनेची सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली. पुढील वर्षी तिने मस्कोगी सिव्हिटन ओपन ही पहिली स्पर्धा जिंकली, तसेच विमेन्स वेस्टर्न ओपन ही प्रमुख स्पर्धाही. एकूण विजेतेपदे ११. त्यांतील ४ प्रमुख स्पर्धांची. तिची खरी ओळख यू. एस. विमेन्स ओपन या प्रमुख स्पर्धेमुळे आहे. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मोझलेम स्प्रिंग्ज येथे, विवाहाला जेमतेम काही आठवडे झालेले असताना, तिने मिकी राइट यांच्यासारख्या दिग्गज खेळाडूला मागे टाकून ती जिंकली. १९७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील विंग्ड फूट येथे तिची सुरुवात ७९ फटक्यांची, म्हणजे पार (एका फेरीसाठी अपेक्षित फटके) ७२ पेक्षा तब्बल सात फटके जास्त, अशी झाली होती; गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो. अशा प्रारंभानंतर बहुतेकांनी विजेतेपदाची आशा सोडली असती. तिने पुढील फेऱ्या ७३, ७६ आणि ७१ अशा खेळून २९९ फटक्यांवर, केवळ एका फटक्याच्या फरकाने, चषक पटकावला. लगेच १९७३ मध्ये रॉचेस्टर येथे तो पुन्हा जिंकला. ही स्पर्धा तीन किंवा अधिक वेळा जिंकणाऱ्या खेळाडू सहाच आहेत, आणि बर्निंग त्यांपैकी एक.

विशेष म्हणजे यांतील शेवटची दोन विजेतेपदे १९७० मध्ये मुलीचा जन्म झाल्यानंतरची आहेत. संसारामुळे तिने स्पर्धांची संख्या कमी केली होती, त्यामुळे विजेतेपदांचा आकडा तिच्या कुवतीच्या मानाने लहान दिसतो. १९८९ मध्ये सॅन होजे येथील स्पर्धेत ती आणि तिची मुलगी दोघीही उतरल्या. एलपीजीएच्या एकाच स्पर्धेत माय-लेकी खेळल्याची ती पहिलीच वेळ. उत्तरायुष्यात तिने गोल्फचे अध्यापन केले. जागतिक गोल्फ कीर्तिदालनात तिचा समावेश मात्र बराच उशिरा, मार्च २०२२ मध्ये, टायगर वुड्स यांच्यासोबत झाला. तेव्हा ती ८० वर्षांची होती.