उपचारात्मक नालबंदी

घोड्याच्या खुरातील वेदना, इजा किंवा सदोष वाढ यांवर उपाय म्हणून खूर ठरावीक पद्धतीने तासून त्यावर खास घडवलेला नाल बसवण्याचे काम. साधा नाल खुराची झीज थांबवतो. उपचाराचा नाल दुखऱ्या भागावरचा भार काढून तो सोसू शकणाऱ्या भागावर टाकतो आणि नवा खूर वाढून येईपर्यंत तो तिथेच ठेवतो. नालाने रोग बरा होत नाही, बरे व्हायला सवड मिळते. निदान आणि औषध पशुवैद्याचे, लोखंड नालबंदाचे. पण क्ष-किरण चित्र दोघांनी मिळून पाहिलेले नसेल, तर दोघेही अंदाजानेच काम करत असतात. (मराठेशाहीत स्वारांना आगाऊ दिल्या जाणाऱ्या रकमेलाही ‘नालबंदी’ म्हणत, तिचा या नोंदीशी नावापुरताच संबंध.)

खुराची रचना : पायाचे शेवटचे हाड तळव्यावर नुसते टेकलेले नसते. बाहेरच्या कठीण कवचाला आतून शेकडो पापुद्र्यांनी ते टांगलेले असते. तळव्यात मागून पुढे निमुळता होत जाणारा, रबरासारखा भाग म्हणजे फ्रॉग. कवच आणि तळवा यांच्या सांध्यावर पांढरी रेषा दिसते. तिच्या बाहेर निर्जीव शिंग, आत जिव्हाळी. नालबंदाचा खिळा या रेषेच्या बाहेरूनच गेला पाहिजे. कवच महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. वरच्या काठापासून टोकापर्यंत नवे कवच यायला 9 ते 12 महिने लागतात.

तासणी : निम्मा उपचार इथेच होतो, आणि नेमकी हीच पायरी घाईत उरकली जाते. घोडा सपाट जमिनीवर उभा करून बाजूने पाहावे. खुराची पुढची रेषा आणि वरच्या सांध्याची रेषा एका सरळीत हव्यात. टोक लांब आणि टाच खाली दबलेली असेल, तर ही रेषा मागे मोडते आणि खुरामागच्या स्नायुबंधावर ताण येतो. साडेचारशे किलोच्या घोड्याच्या खुराची पुढची लांबी साधारण सव्वातीन इंच असते. यापेक्षा बरीच जास्त दिसली तर आधी टोक मागे आणावे. तळवा ‘स्वच्छ दिसावा’ म्हणून कोरत बसू नये. पातळ तळव्याचा घोडा खडीवर पहिल्याच दिवशी लंगडतो.

खिळे : बहुधा सहा ते आठ, आणि सगळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढे. टाच प्रत्येक पावलाला किंचित फाकते. मागे खिळा मारला की ती जखडते. म्हणूनच टाचेकडे नाल कवचापेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवतात. नालाच्या खिळ्याच्या डोक्याला एका बाजूस खूण असते. ती फ्रॉगकडे ठेवायची, म्हणजे टोकाच्या उतारामुळे खिळा ठोकताना बाहेर वळतो आणि नालापासून सुमारे पाऊण इंचावर निघतो. उलटा धरलेला खिळा सरळ जिव्हाळीत जातो. ठोकताना कान उघडे ठेवावेत. घट्ट शिंगात जाणाऱ्या खिळ्याचा आवाज खणखणीत येतो. आवाज बद्द झाला किंवा घोड्याने पाय झटकला, तर खिळा लगेच उपसावा. टोकाला रक्त दिसले तर भोक पोव्हिडोन आयोडीनने धुवावे, त्यात पुन्हा खिळा मारू नये, आणि धनुर्वाताची लस झालेली आहे का ते पाहावे. जिव्हाळीच्या फार जवळून गेलेला खिळा जास्त फसवा असतो. त्या दिवशी घोडा ठीक चालतो आणि दोन-तीन दिवसांनी लंगडू लागतो.

लॅमिनायटिस : हाड टांगणारे पापुद्रे सुजून सुटण्याचा हा आजार नालबंदीची खरी परीक्षा घेतो. धान्याच्या पोत्यात तोंड घालून पोटभर खाल्लेले दाणे, घोडीच्या गर्भाशयात अडकलेला वार, हार्मोनचे बिघाड, किंवा एक पाय मोडल्याने दुसऱ्यावर महिनोन्‌महिने पडलेला भार ही त्याची कारणे. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलतो, खूर गरम लागतो आणि पायाची नाडी बोटाखाली टणाटण उडते. दाणे खाऊन झालेल्या आजारात पहिले 48 ते 72 तास पाय बर्फाच्या पाण्यात सलग बुडवून ठेवल्याचा उपयोग होतो. अधूनमधून बर्फ लावण्याला फारसा अर्थ नाही.

या काळात हातोडी लावू नये, प्रत्येक ठोका त्याच पापुद्र्यांना बसतो. दोन इंची दाट फोमचा तुकडा खुराच्या आकाराने कापून पायाला चिकटपट्टीने बांधावा. दिवस-दोन दिवसांत घोड्याच्या वजनाने तो दबतो आणि खुराचा साचा उमटतो. मग त्याचा दुखऱ्या टोकाखालचा पुढचा भाग कापून टाकतात आणि उरलेल्या तुकड्याखाली नवा तुकडा बांधतात. वेदना ओसरून चित्रात हाड स्थिर दिसले की नाल. त्याचे टोक गोलावून मागे आणलेले असते, म्हणजे पाऊल लवकर उलटते. हार्ट बार नालात मधली पट्टी फ्रॉगला आधार देते, पण तिचे टोक फ्रॉगच्या टोकाच्या सुमारे एक सेंटिमीटर मागेच थांबले पाहिजे. ती पुढे गेली किंवा जोरात दाबली, तर आतला भाग सडतो. आधाराऐवजी दाब देणे ही या नालातली नेहमीची चूक.

गळू : काल धावणारा घोडा आज पाय टेकत नाही, तेव्हा हाड मोडल्याची शंका येते, पुष्कळदा तो खुरातला पू असतो. चिमट्याने खूर दाबत गेले की एका जागी घोडा पाय ओढतो. तिथे पांढऱ्या रेषेतून बारीक वाट करावी. भोक मोठे केले तर तळव्यातून मांस बाहेर येते आणि दोन दिवसांचे दुखणे दोन महिन्यांवर जाते. पू निघाला की कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून शेक, पट्टी आणि कोरडी जागा.

सडलेला फ्रॉग : पावसाळ्याचा रोग. पुण्याच्या शर्यतींचा हंगाम याच दिवसांत, आणि माथेरानच्या लाल चिखलात तर खूर दिवसभर भिजतात. फ्रॉगच्या खाचेतून काळा, दुर्गंधीचा स्राव येतो. सुटलेला भाग कापून, खाचा ब्रशने घासून पातळ मोरचुदाचे पाणी किंवा आयोडीन लावतात. तबेल्यातले मूत रोज उपसले नाही, तर औषध वाया जाते. टाचा आवळलेल्या घोड्यात खाच खोल असते, म्हणून फ्रॉग पुन्हापुन्हा सडतो. तिथे तासणीच बदलावी लागते.

बैलाच्या पत्रीचे (नालाचे) तंत्र वेगळे, कारण त्याच्या खुराला दोन नख्या. पण भार हलवण्याचे तत्त्व तिथेही तेच : एक नखी दुखत असेल तर चांगल्या नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवतात.

चिरा : चिरेच्या दोन्ही बाजूंना नालाचे वर वळवलेले कान बसवून कवच हलू देत नाहीत. चीर बाजूला असेल, तर तिच्याखालचे कवच तासून नाल आणि खूर यांत थोडी फट ठेवतात. चिरेला कधीच जोड बसत नाही. वरून अखंड कवच उतरत येते आणि चीर खाली सरकत तासणीत निघून जाते. तोवर दर चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासावा लागतो.