घरून नोकरी आणि फ्रीलान्सिंग: गावात राहून काम निवडताना

आर्वी, दारव्हा किंवा वरूडच्या आसपासच्या खेड्यांत आता लॅपटॉपवर काम करणारे तरुण, सुना आणि जावई सहज दिसतात, आणि त्या सगळ्यांबद्दल घरचे लोक ‘घरूनच काम करतो’ एवढेच सांगतात. शेजाऱ्यांना तेवढे पुरेसे असते. मात्र ज्याला असे काम शोधायचे आहे, त्याने त्यातले दोन व्यवहार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला म्हणजे घरून केलेली नोकरी, ज्यात मालक एकच असतो, पगार ठरलेला असतो आणि फक्त कार्यालयात जावे लागत नाही. दुसरा म्हणजे स्वतंत्र काम, अर्थात फ्रीलान्सिंग, ज्यात ग्राहक अनेक असू शकतात, प्रत्येक कामाचा मोबदला वेगळा ठरतो आणि बिल आपणच पाठवायचे असते.

माझ्या मते या दोहोंतला मुख्य फरक पैशाचा नसून मोकळीक कशाची मिळते याचा आहे. घरून नोकरीत जागेची मोकळीक मिळते, वेळेची सहसा मिळत नाही. सकाळी साडेनऊला लॉगिन, दुपारी बैठक आणि संध्याकाळी दिवसभराचा अहवाल ही चौकट पुण्यात जशी असते, तशीच तिवस्यातही असते. कंपनीचा ग्राहक अमेरिकेत असेल तर न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात, त्यामुळे रात्रीचे जेवण बैठकीनंतरच होते. फ्रीलान्सिंगमध्ये मात्र काम अमुक तारखेला द्यायचे असते, आणि ते पहाटे चारला केले की दुपारी, हे सहसा कोणी विचारत नाही.

शेतकरी कुटुंबासाठी हा फरक फार मोलाचा आहे. भंडारा-गोंदियाकडे जुलैत रोवणी सुरू झाली की घरातले प्रत्येक माणूस बांधीत हवे असते. यवतमाळ-वर्धा पट्ट्यात दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी उरकते न उरकते तोच कापसाची वेचणी सुरू होते. वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला आंबिया बहाराचा माल उतरवताना व्यापाऱ्यासमोर स्वतः उभे राहावे लागते. घरून नोकरी करणाऱ्याला या दिवसांत रजाच घ्यावी लागते, आणि रजा मोजक्याच असतात. फ्रीलान्सर त्या महिन्यात कमी काम घेऊ शकतो; पण त्या महिन्याची कमाईही तेवढीच कमी होते, हे त्याने आधीच धरून चालले पाहिजे.

विजेचा प्रश्न दोघांनाही आहे, पण त्याचा फटका सारखा नाही. पावसाळ्यात डीपी जळाली की ती बदलून येईपर्यंत गाव अंधारात राहते. अशा वेळी घराच्या इन्व्हर्टरवर पंखा, दिवा आणि राउटर असे तिन्ही चालवले तर बॅटरी लवकर उतरते. त्यापेक्षा राउटरला स्वतंत्र छोटी बॅटरी लावली आणि लॅपटॉप आधीच पूर्ण चार्ज असला, तर अर्धा दिवस सहज निभावतो. वावरातल्या घरात राहून काम करण्याचा बेत असेल तर तिथली जोडणी कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या कोणत्या वीजवाहिनीवर, आहे हे आधी पाहावे, कारण शेतीच्या फीडरवर आळीपाळीने ठरावीक तासच वीज मिळते आणि गावठाणाच्या फीडरची गोष्ट वेगळी असते. भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेची ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली म्हणजे घरापर्यंत आली असेही नव्हे. पुढची जोडणी कोण देतो आणि तुटल्यावर दुरुस्तीला कोण येतो, ही चौकशी नोकरी किंवा काम स्वीकारण्याआधी व्हायला हवी. दुपारी दोनच्या बैठकीत तीनदा संपर्क तुटला तर नोकरदाराची नोंद होते. फ्रीलान्सर तेच काम रात्री पूर्ण करून पाठवू शकतो. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो आणि कूलर बंद करून खोलीत बसता येत नाही, म्हणून ज्याला दिवसभर फोनवर बोलायचे आहे त्याने बाहेरचा आवाज दाबणारा हेडफोन घ्यावाच.

नोकरीच्या बाबतीत एक कागद बारकाईने वाचला पाहिजे, तो म्हणजे नियुक्तीपत्र. त्यात कामाचे ठिकाण म्हणून पुण्याचे हिंजवडी किंवा नागपूरचे मिहान लिहिलेले असेल आणि घरून काम करण्याची परवानगी फक्त कंपनीच्या धोरणात असेल, तर ते धोरण उद्या बदलू शकते आणि आठवड्यातून तीन दिवस हजर राहण्याचा निरोप येऊ शकतो. गावात घर बांधायला काढण्याआधी ठिकाणाचा तो रकाना पाहून घ्यावा.

सुरक्षिततेच्या बाबतीत नोकरीचे पारडे निःसंशय जड आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून जाते आणि तेवढाच वाटा मालक भरतो. पगारी बाळंतपणाची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीने त्या रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूदही आली. गावात राहून काम करू पाहणाऱ्या सुनेसाठी ही तरतूद फार महत्त्वाची आहे, आणि मुलाखतीनंतर तिच्याबद्दल विचारायला तिने जराही संकोच करू नये. फ्रीलान्सरला यातले काहीच आपोआप मिळत नाही. आजारपणाचा विमा, म्हातारपणाची तजवीज आणि काम नसलेल्या महिन्याची शिल्लक ही सगळी त्याची स्वतःची जबाबदारी असते.

खरी गफलत होते ती या दोहोंच्या मधल्या प्रकारात. काही कंपन्या माणसाला ‘सल्लागार’ किंवा ‘कॉन्ट्रॅक्टवर’ म्हणून घेतात, महिन्याला ठरलेली रक्कम देतात, सकाळी साडेनऊची हजेरी मागतात आणि दुसरे काम घेण्यास मनाईही करतात. घरच्यांना वाटते मुलाला नोकरी लागली, कारण दर महिन्याला खात्यात तेवढीच रक्कम येते. प्रत्यक्षात तो कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक असतो आणि वेळेने नोकरदार असतो, म्हणजे दोन्हीकडची बंधने त्याच्या वाट्याला येतात आणि दोन्हीकडचे फायदे सुटतात. हे ओळखणे अवघड नाही. पगारपत्रक मिळते की आपल्याला बिल पाठवावे लागते, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे त्या खात्याचा कायमचा क्रमांक, मिळाला आहे की नाही, आणि आयकराच्या नोंदींत कापलेला कर पगारावरचा दिसतो की व्यावसायिक शुल्कावरचा, एवढे पाहिले की चित्र स्पष्ट होते. व्यावसायिक शुल्कावर सर्वसाधारणपणे सरसकट १० टक्के कर कापला जातो. असा करार स्वीकारूच नये असे माझे म्हणणे नाही. पण स्वीकारायचा असेल तर वेळेचे बंधन तरी काढून घ्यावे, किंवा भविष्य निर्वाह निधी आणि रजा यांची भरपाई होईल इतकी रक्कम वाढवून मागावी.

कराबाबत गावाकडे आणखी एक समज पक्का आहे की शेतकऱ्याच्या घरातल्या उत्पन्नाला कर नाही. करमाफी शेतीच्या उत्पन्नाला आहे. सातबारा नावावर असलेल्या माणसाने वेबसाइट तयार करून मिळवलेले पैसे त्यात मोडत नाहीत. शिवाय इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेले तर शेतीचे उत्पन्न कराचा दर ठरवताना हिशेबात धरले जाते. अभियांत्रिकी, लेखापालन, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना एकूण जमेची किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोपी पद्धत उपलब्ध आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणीही लागते. विवरणपत्र दरवर्षी वेळेवर भरावे, कारण बँक कर्ज देताना नोकरदाराकडे पगारपत्रके मागते आणि फ्रीलान्सरकडे साधारणपणे मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे.

केलेल्या कामाच्या मालकीतही फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर किंवा प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. स्वतंत्रपणे लिहून दिलेल्या मजकुराचा पहिला हक्क लिहिणाऱ्याचा असतो, जोवर त्याने तो करारात सोडलेला नाही. म्हणून करार न वाचता सही करणे फ्रीलान्सरला अधिक महागात पडते.

कोणी विचारले तर मी असे सांगेन की घरात कमावते माणूस एकच असेल, पीककर्ज थकलेले असेल किंवा लवकरच बाळंतपण असेल, तर आधी घरून नोकरी शोधावी, मग पगार थोडा कमी असला तरी चालेल. घरात दुसरे स्थिर उत्पन्न असेल, हातात विकता येईल असे कौशल्य आधीच असेल आणि हंगामात शेताकडे वळणे भाग असेल, तर फ्रीलान्सिंगकडे जावे. नुकत्याच पदवी मिळालेल्या मुलाने किंवा मुलीने थेट फ्रीलान्सिंगमध्ये उतरू नये असे मला मनापासून वाटते, कारण चुका दाखवणारा वरिष्ठ आणि पुढे काम देणारी ओळख या दोन्ही गोष्टी नोकरीत मिळतात आणि फ्रीलान्सिंगमध्ये दोन्हींशिवाय पहिला ग्राहक मिळवणे फार कठीण जाते.

या दोहोंतली सरमिसळ फसवणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या जाहिरातींत नोकरीचा पक्का मासिक पगार आणि फ्रीलान्सिंगचा मोकळा वेळ एकत्र दिलेला असतो: रोज दोन तास टायपिंग, केव्हाही करा, महिन्याला ठरलेली रक्कम. त्यानंतर नोंदणी शुल्क, अनामत किंवा सॉफ्टवेअरचे पैसे मागितले जातात, आणि पुष्कळदा काम ‘चुकले’ म्हणून दंडाची धमकीही येते. खरा मालक पगार देण्यासाठी आधी पैसे घेत नाही आणि खरा ग्राहक तर मुळीच घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोहोचली तरच ती रोखून धरण्याची शक्यता असते.