खाऱ्या पाण्यातील हद्दीचे भांडण : पार्श्वभूमी

मुंबईतील फ्लॅटमध्ये हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी उभारणाऱ्या माणसाला बहुधा पहिल्या वर्षभरातच एक दृश्य पाहावे लागते. बोटभर लांबीचा, डॅमसेल नावाचा प्रवाळमासा आपल्याहून मोठ्या, नव्याने आणलेल्या माशाला टाकीच्या वरच्या कोपऱ्यात रेटून ठेवतो. त्या माशाचे पर फाटतात, तो खायला खाली उतरत नाही आणि काही दिवसांतच मरतो. दोष दुकानदाराला दिला जातो, नाही तर पाण्याला. प्रत्यक्षात घरगुती टाकीतील हे भांडण फारसे जुने नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मासे टाकीत दीर्घकाळ जगू लागल्यानंतरच त्यांना हद्द धरायला सवड मिळाली.

समुद्री जीव घरात ठेवण्याचे सुरुवातीचे काही प्रयत्न इंग्लंडमध्ये झाले. ॲना थाइन यांनी १८४६ साली किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेले आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून घेण्याची व्यवस्था केली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. हे सारे थंड पाण्याचे जीव होते. उष्ण कटिबंधातील प्रवाळमासे घरात टिकवणे त्यानंतरही शंभर वर्षे कोणाला फारसे साधले नाही, कारण माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया बंद टाकीत साचतो आणि तोच त्यांचा जीव घेतो.

मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी प्रवाळमासे पहिल्यांदा पाहिले ते चर्नी रोडजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयात. हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. समोरच समुद्र असला, तरी आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ आणि सांडपाण्याने दूषित असते, शिवाय पावसाळ्यात ते गोडे होत जाते. त्यामुळे ते बादलीने आणून घरच्या टाकीत ओतणे शक्य नव्हते. १९६० च्या दशकात तयार समुद्री मीठ बाजारात येऊ लागले आणि किनाऱ्याशी संबंध न ठेवताही खारे पाणी तयार करता येऊ लागले. आमच्या शहराच्या दृष्टीने हा बदल सर्वांत मोठा होता, असे मला वाटते.

अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकी 'सायकल' करण्यासाठी, म्हणजे हे जिवाणू रुजवण्यासाठी, काटक आणि स्वस्त मासा सोडण्याचा रिवाज जगभर पडला, आणि तो मासा म्हणजे डॅमसेल. तीन पांढऱ्या ठिपक्यांचा काळा डॉमिनो किंवा निळा डॅमसेल हे विषारी पाणी सोसून जगत. अशा पाण्यात मासा सोडणे क्रूरपणाचे होते, हे आज मान्य झाले आहे. परंतु त्याचा दुसरा परिणाम तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आला. महिनाभर एकट्याने राहिलेला तो मासा संपूर्ण टाकीचा मालक झालेला असे. त्यानंतर येणारा प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर ठरे.

त्याच सुमारास हद्दीचे शास्त्रही आकार घेत होते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील ग्रंथाचा आरंभच प्रवाळमाशांपासून केला. भडक रंग हे आपल्याच जातीच्या माशाला दूर ठेवणारे निशाण आहे, अशी त्यांची मांडणी होती. 'एका जातीचा एकच मासा' हा हौशी लोकांचा नियम या मांडणीशी जुळणारा होता, पण तो अपुरा ठरला. ग्रेट बॅरिअर रीफवरील एका डॅमसेलविषयीचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तो मासा आपल्या हद्दीत आलेल्या शेवाळ खाणाऱ्या परक्या जातींवरही तुटून पडे, मांसाहारी माशांना मात्र बहुधा जाऊ देई. म्हणजे भांडण रंगाइतकेच अन्नाचेही होते. शेपटीच्या मुळाशी धारदार काटा बाळगणारे दोन वेगवेगळ्या जातींचे टँग मासे एकाच टाकीत का नांदत नाहीत, हे यावरून समजते. दोघेही त्याच खडकावरचे शेवाळ खरवडतात.

यानंतरचा बदल खडकाचा. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत खडकावर, म्हणजे जिवाणू व बारीक जीव वसलेल्या समुद्रातल्या खडकावर, चालणाऱ्या टाकीची पद्धत लेखातून मांडली आणि पुढे जर्मनीत तिला स्किमरची, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणाऱ्या उपकरणाची, जोड मिळाली. त्यापूर्वी टाकीत मृत, पांढरीशुभ्र प्रवाळे सजावटीसाठी असत आणि ती वरचेवर बाहेर काढून धुतली जात. माझ्या मते या धुण्यामुळे नकळत शांतता टिकत असावी, कारण दर वेळी माशांच्या ओळखीच्या कपारी मोडत. खडक कायमचा झाला तशी हद्दही कायमची झाली. भारतात प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. येथील टाक्यांत म्हणून कोरडा किंवा कृत्रिम खडक रचून त्यावर जिवाणू वाढू द्यावेत. मासा मात्र त्याही कपारीला आपलीच मानतो.

मुंबईत या साऱ्याला जागेची अडचण येऊन मिळते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी तीत सुमारे १९० लिटर पाणी मावते, आणि तेवढ्यानेही दिवाणखान्याची एक भिंत अडते. समुद्रात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण क्षणात मिटते. टाकीत तो पळाला तरी दोन फुटांवर काचच असते, त्यामुळे पाठलाग थांबत नाही.

सहजीवनाच्या बाबतीत सर्वांत उपयुक्त ज्ञान विदूषक माशांच्या अभ्यासातून आले. समुद्रफूल (ॲनिमोन) या जीवाच्या आश्रयाने राहणाऱ्या त्यांच्या गटात सर्वांत मोठा मासा मादी असतो, त्याखालोखालचा नर, आणि मादी मेली की नरच मादी होतो. हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. गटातील कनिष्ठ मासे हाकलले जाऊ नयेत म्हणून आपली वाढ रोखून धरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. म्हणून दुकानातून एकाच मापाचे दोन मोठे विदूषक न आणता एक मोठा व एक लहान आणावा. आज या माशांचे बीजोत्पादन आपल्या शेजारी ऐरोलीतही होते. हॅचरीतली पिल्ले लहानपणापासून गर्दीत वाढलेली असतात, आणि त्यांच्यापायी समुद्रातला एकही मासा उचलावा लागत नाही.

टाकी आता मासे न सोडता, अमोनियाचे द्रावण घालून सायकल केली जाते. आधी गोबीसारखे शांत मासे, मग विदूषक, सर्वांत शेवटी टँग, असा क्रम लावला जातो. नवा मासा काही दिवस छिद्रे पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकीतच टांगतात आणि त्याला सोडण्यापूर्वी खडकांची मांडणी बदलतात. डॅमसेल ठेवायचाच असेल, तर तो या क्रमात अगदी शेवटी येतो.