प्रत घेतली, पण परत मिळेल का?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील एक फोल्डर काढून टाकण्यासाठी आज्ञा दिली आणि ती चुकून मुख्य सर्व्हरवर चालली. चूक उमगून ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटापैकी ४.५ जीबी शिल्लक राहिला होता. बॅकअपची व्यवस्था एक नव्हे, अनेक होत्या. परंतु नियमित प्रत घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने रोज बंद पडत होता, आणि ते कळवणारे ईमेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. अखेर सहा तास आधी चाचणीच्या निमित्ताने हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. कंपनीने हा सर्व तपशील स्वतःहून जाहीर केला, याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे, कारण घरी किंवा लहान कार्यालयात जुन्या संगणकाचा सर्व्हर करून त्यावर कुटुंबाची छायाचित्रे आणि हिशेब ठेवणाऱ्यांच्या हातूनही नेमक्या याच चुका होतात.

अशा सर्व्हरमध्ये बहुतेक जण दोन हार्ड डिस्क बसवून ‘रेड’ पद्धतीने दोन्हींवर एकच मजकूर ठेवतात. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेल्या शोधनिबंधातून हे नाव रूढ झाले. एक डिस्क बंद पडली तरी काम अडू नये, हा या जोडीचा उपयोग. मात्र आपण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते, आणि खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरसही दोन्हींवर एकदमच काम करतो. म्हणून रेडला बॅकअप म्हणणे मला घातक वाटते.

डिस्कवरचे बिट, म्हणजे शून्य किंवा एक हे द्विमान अंक, कधी कधी गुपचूपही बदलतात. फाइलचे नाव, आकार आणि तारीख तीच राहते, पण छायाचित्राचा अर्धा भाग करडा दिसतो. दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती, हे साध्या जोडीला सांगता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली झेडएफएस ही फाइल प्रणाली प्रत्येक तुकड्याची गणिती खूण, म्हणजे चेकसम, वेगळ्या जागी नोंदवते आणि वाचताना ती पडताळून पाहते. खूण जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरील चांगला तुकडा घेऊन बिघडलेला दुरुस्त करते. ही प्रणाली मोफत मिळते. महिन्यातून एकदा सर्व डिस्क वाचून पडताळण्याचे काम तिच्याकडे लावून द्यावे.

खऱ्या बॅकअपमध्ये कालची, गेल्या आठवड्यातली आणि सहा महिन्यांपूर्वीची अशा अनेक प्रती असाव्या लागतात, आणि कमी खर्चात हे जमते ते बोर्ग किंवा रेस्टिक यांसारख्या मोफत प्रोग्रॅममुळे. ते फाइलींचे तुकडे करतात आणि पूर्वी साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाहीत. यातली युक्ती मला फार सुंदर वाटते. समान लांबीचे तुकडे केले, तर फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर वाढताच पुढचे सगळे तुकडे सरकतात आणि नवे ठरतात. म्हणून फाइलवरून काही बाइटांची एक खिडकी एकेक बाइट पुढे सरकवतात, दर वेळी आतल्या मजकुरावरून एक संख्या काढतात, आणि त्या संख्येचे ठरावीक द्विमान अंक शून्य आले की तुकडा तिथे तोडतात. असे २१ अंक शून्य हवेत अशी अट असेल, तर तुकडे सरासरी २० लाख बाइटांच्या आसपास पडतात. तोडण्याची जागा मजकूरच ठरवत असल्यामुळे अक्षर वाढलेला तुकडा तेवढा बदलतो; पुढचे जुनेच राहतात. त्यामुळे तीस दिवसांच्या तीस प्रतींना तीसपट जागा लागत नाही.

आग, चोरी किंवा पुराच्या भयाने एक प्रत दुसऱ्या गावी असावी, पण तिथे आधी हिशेब करावा. २ टीबी डेटा सेकंदाला २० मेगाबिट वेगाने पाठवायचा, तर आठ लाख सेकंद, म्हणजे नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. त्यापेक्षा पहिली प्रत घरीच डिस्कवर घ्यावी, डिस्क नातेवाइकाकडे पोहोचवावी आणि पुढे रोजचे बदल तेवढे इंटरनेटवरून पाठवावेत. तिथला संगणक आपल्याकडून प्रत ओढून घेईल अशी रचना केली, तर आपल्या सर्व्हरमध्ये शिरलेल्या घुसखोराला तिकडची प्रत पुसण्याचा अधिकार मिळत नाही. प्रत कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असावी. परंतु तिची किल्ली सर्व्हरवरच राहिली तर सर्व्हरबरोबर तीही जाते, म्हणून ती कागदावर लिहून अन्यत्र ठेवावी.

दर तीन महिन्यांनी एक सुट्टीचा दिवस यासाठी राखावा. सर्व्हर बंद करावा, दुसरा संगणक घ्यावा, आणि केवळ तो कागद व दूरची प्रत यांच्या आधारे एका वर्षाची छायाचित्रे आणि हिशेबाची एक वही परत मिळवावी. फाइलींची संख्या मोजून थांबू नये. त्या उघडून पाहाव्यात आणि किती तास लागले ते त्याच कागदावर तारखेसह लिहावे.