किटलीची गोष्ट सोडा, शोधाचा मागचा-पुढचा रस्ता दाखवा

वाफेचं इंजिन कोणी शोधलं असं वर्गात विचारलं की सगळी मुलं एका सुरात सांगतात, जेम्स वॅट. आणि मग किटलीचं झाकण उडताना बघून त्याला ते सुचलं ही गोष्ट येतेच. मुलांना ती आवडते हे खरं, पण त्यातून डोक्यात पक्कं काय बसतं तर शोध म्हणजे एक हुशार माणूस, एक क्षण आणि एक सन. जोड्या लावा मधे मार्क मिळतात, पण शोध लागतो कसा हे मात्र कळतच नाही.

वॅटचा जन्म 1736 चा आणि थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन इंग्लंडमधे डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीत 1712 पासूनच पाणी उपसत होतं, म्हणजे वॅट जन्मायच्या 24 वर्षं आधी! एवढं नुसतं फळ्यावर लिहिलं तरी मुलं सरसावून बसतात, कारण मग लगेच प्रश्न येतो की वॅटने केलं काय?

इथे घाई करू नका, कारण खरी मजा इथेच आहे. न्यूकोमेनच्या इंजिनात सिलेंडरमधे वाफ भरायची, मग आत थंड पाणी फवारलं की वाफेचं पाणी व्हायचं, आत जवळजवळ पोकळी तयार व्हायची आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलायचा. म्हणजे काम हवा करायची, वाफ फक्त जागा करून द्यायची. पण यात प्रत्येक फेरीला तोच सिलेंडर तापवायचा आणि परत गार करायचा, त्यामुळे कोळसा नुसता जळायचा. खाणीच्या तोंडाशी कोळसा जवळजवळ फुकट म्हणून कोणाला त्याचं एवढं वाटायचं नाही. 1763 च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं या इंजिनाचं छोटं मॉडेल वॅटकडे दुरुस्तीला आलं. मॉडेल दोन-चार फेऱ्या मारून थांबायचं, कारण वस्तू लहान केली की आतल्या जागेच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग जास्त होतो आणि सगळी उष्णता भिंतीच खातात. मोठ्या इंजिनात जो तोटा कोणी मनावर घेत नव्हतं तो छोट्यात डोळ्यात खुपायला लागला. मग 1765 मधे वॅटला सुचलं की वाफ गार करायला वेगळं भांडंच जोडू, सिलेंडर कायम गरम राहू दे. हा तो वेगळा कंडेन्सर. 1769 मधे पेटंटही मिळालं.

आणि तरी इंजिन विकायला यायला 1776 उजाडलं!! का? पैशाची अडचण होतीच, पण मोठी अडचण म्हणजे नीट गोल सिलेंडरच बनत नव्हता, पिस्टनच्या बाजूने वाफ निसटायची. तो प्रश्न सुटला तो जॉन विल्किन्सनमुळे, त्याने 1774 मधे तोफेची नळी अचूक कोरायची पद्धत काढली होती आणि मग तशाच कामासाठी मशीन बनवून वॅटचे सिलेंडर कोरून दिले. तोफेसाठी कमावलेलं कसब खाणीच्या पंपाला उपयोगी पडलं, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. अजून एक, उष्णतेपासून काम जास्तीत जास्त किती मिळेल याचा मूलभूत हिशोब सादी कार्नोने मांडला तो 1824 मधे. म्हणजे आधी विज्ञान आणि मग यंत्र असा क्रम कायम नसतो, इथे यंत्र आधी आलं आणि विज्ञान त्याच्या मागून.

म्हणून मला वाटतं शोध शिकवताना एकच वस्तू घ्यावी आणि आधी तिच्या मागे जावं, मग पुढे. मागे जाताना विचारायचं की कोणाचं काय अडलं होतं आणि त्याच्या आधी काय काय तयार असायला लागलं. पुढे जाताना विचारायचं की ज्याने बनवलं त्याच्या मनातही नव्हतं असं काय घडलं.

पुढचा रस्ता तर फार लांब जातो. खाणीतलं पाणी उपसायचं इंजिन चाकांवर चढलं, 1830 मधे लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि मग गंमत झाली, प्रत्येक गावाचं घड्याळ तिथल्या सूर्यावर चालायचं, तर टाइमटेबल बनवणार कसं? म्हणून 1840 मधे ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनचीच वेळ लावली, 1883 मधे अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी तिथे टाइम झोन पाडले आणि 1884 ला वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचचं रेखावृत्त शून्य ठरलं. पंप बनवणाऱ्या न्यूकोमेनला घड्याळाशी काय देणंघेणं होतं!

पण पुढे घडलेलं सगळं चांगलंच असतं असं मुलांना वाटू देऊ नका. 1793 मधे एली व्हिटनीने कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र बनवलं. चिकट सरकीचा कापूस हाताने साफ करायला एका माणसाला दिवसभरात अर्धा किलोही जड जायचा, यंत्राने ते काम झटपट होऊ लागलं. कष्ट वाचले म्हणजे गुलामी कमी होईल असं वाटेल ना? झालं उलटं, कापूस एवढा फायद्याचा झाला की अमेरिकेच्या दक्षिणेत लागवड वाढतच गेली आणि वेचायला हातच लागत होते. अमेरिकेत 1790 मधे सुमारे 7 लाख माणसं गुलामीत होती, 1860 पर्यंत ती जवळजवळ 40 लाख झाली. यात व्हिटनीचा दोष किती, मळेवाल्यांचा किती, कायद्याचा किती, यावर वर्गात चर्चा होऊ द्या, अख्खा तास गेला तरी चालेल. यंत्र एकटं काही करत नाही, ते कोणाच्या हातात पडतं त्यावर बरंच ठरतं हे पोरं स्वतःच बोलून दाखवतात.

टेलिफोनचं उदाहरणही छान, 14 फेब्रुवारी 1876 या एकाच दिवशी ग्रॅहॅम बेल आणि एलिशा ग्रे या दोघांचे कागद अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात दाखल झाले. बेल जन्मालाच आला नसता तर टेलिफोन आला असता का, एवढं विचारा फक्त.

आणि घरी करायला प्रश्न द्यायचा तर मी हा देईन. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवायचं पेटंट इंग्लंडमधे 1810 मधे पीटर ड्युरँडने घेतलं, आणि अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने डबा उघडायच्या ओपनरचं पेटंट घेतलं ते 1858 मधे. मधल्या काळात लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडायचे. ओपनर यायला एवढी वर्षं का लागली असतील? उत्तर लगेच सांगू नका, फक्त एवढंच सुचवा की सुरुवातीचे डबे जाड लोखंडी पत्र्याचे होते, पातळ पत्रा नंतर आला.